बुडालेल्या चांदीचा सरदार

जून १६८७. लंडनच्या टेम्स नदीत ‘जेम्स अँड मेरी’ नावाचे जेमतेम दोनशे टनांचे एक जहाज येऊन दाखल झाले. लंडनला जहाजांचे अप्रूप नव्हते. पण या जहाजाच्या पोटात तीस टनांहून अधिक चांदी होती, थोडे सोने होते, आणि हा सगळा ऐवज ४६ वर्षे समुद्राच्या तळाशी पडलेला होता. त्याची किंमत दोन लाख पौंडांवर गेली. १६८८ च्या सुमारास ग्रेगरी किंग या अभ्यासकाने इंग्लंडमधील कुटुंबांच्या उत्पन्नाचे जे अंदाज मांडले, त्यात मजुराच्या कुटुंबाची वर्षाची कमाई १५ पौंड धरलेली आहे. त्यावरून या आकड्याची कल्पना यावी.

हे जहाज घेऊन येणारा कप्तान विल्यम फिप्स तेव्हा ३६ वर्षांचा होता. बावीस वर्षांचा होईपर्यंत त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला राजा दुसरा जेम्स याने त्याला सरदारकी दिली. अमेरिकेच्या इतिहासात फिप्सचे नाव येते ते मॅसॅच्युसेट्सचा पहिला राजनियुक्त गव्हर्नर म्हणून आणि सेलमच्या चेटकीण खटल्यांच्या संदर्भात. शेअर बाजाराच्या इतिहासात मात्र तो वेगळ्याच कारणाने उभा आहे. बुडालेल्या जहाजात पैसा गुंतवून माणूस श्रीमंत होऊ शकतो, हे त्याने एकदा सिद्ध करून दाखवले. त्या एकदाच्या सिद्धतेपायी पुढे किती जणांचे हात पोळले, याची कहाणी त्याच्या चरित्रापासून वेगळी काढता येत नाही.

फिप्सचा जन्म २ फेब्रुवारी १६५१ चा. आजच्या अमेरिकेतील मेन राज्यात केनेबेक नदीच्या परिसरात, जंगलाच्या कडेला वसलेल्या एका वस्तीत त्याचे बालपण गेले. वडील बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. ते लवकर गेले. आईने दुसरे लग्न केले. कॉटन मॅथर हा बोस्टनचा धर्मोपदेशक फिप्सचा मित्र आणि पहिला चरित्रकार. त्याने फिप्सच्या आईला २६ अपत्ये होती असे लिहून ठेवले आहे. पुढील संशोधकांनी हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणला. मॅथरच्या इतर गोष्टीही अशाच सावधपणे घ्याव्या लागतात. पण मेंढ्या राखणारा हा मुलगा अठराव्या वर्षी जहाजबांधणीच्या सुताराकडे उमेदवारीला लागला आणि चार वर्षांनी बोस्टनला आला, याबद्दल वाद नाही. तिथे तो अक्षरे गिरवायला शिकला आणि मेरी हल या, त्याच्यापेक्षा सुस्थितीतल्या विधवेशी त्याने लग्न केले. एक दिवस बोस्टनच्या चांगल्या गल्लीत विटांचे घर बांधून देईन, असे त्याने बायकोला वचन दिल्याचे मॅथर सांगतो.

विटांचे घर दूरच राहिले, आधी जे होते तेच हातचे गेले. १६७५ मध्ये त्याने मेनमध्ये स्वतःचा जहाजबांधणीचा धक्का काढला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिले जहाज तयार झाले आणि त्यावर लाकूड भरून तो निघण्याच्या बेतात असताना वाबानाकी लोकांनी त्या वस्त्यांवर हल्ला केला. फिप्सने लाकूड किनाऱ्यावरच टाकले आणि आसपासच्या कुटुंबांना जहाजात घेऊन बोस्टन गाठले. माणसे वाचली; धंदा बुडाला. त्याच्या पुढल्या आयुष्यातील उद्धटपणाचे आणि हावरटपणाचे प्रसंग वाचताना ही एक गोष्ट विसरता येत नाही.

कॅरिबियन समुद्रात बुडालेल्या स्पॅनिश जहाजांच्या गोष्टी त्या काळी प्रत्येक बंदरात ऐकायला मिळत. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतील चांदी दरवर्षी ताफ्यांतून स्पेनला जाई आणि वादळांच्या मोसमात त्यातले एखादे जहाज खडकावर फुटे. फिप्सने १६८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहामा बेटांच्या बाजूला एक लहानशी मोहीम काढली. तिच्यात थोडेफार मिळाले. तेवढ्या भांडवलावर तो १६८३ मध्ये थेट लंडनला गेला. ओळखपाळख नसलेल्या या वसाहतीतल्या माणसाला राजा दुसरा चार्ल्स याने ‘रोझ ऑफ अल्जियर्स’ हे जहाज वापरायला दिले, हे आजही नवलाचे वाटते. अर्थात राजाने रोकड दिली नव्हती. शिधा खलाशांनी आपला आणायचा, पगार नाही, जे सापडेल त्यात वाटा, आणि राजाचे दोन माणसे देखरेखीसाठी जहाजावर.

ही मोहीम फसली. वाटेत बोस्टनला थांबून फिप्सने राजाच्या जहाजाचा कप्तान म्हणून असा तोरा मिरवला, की इतर जहाजांनी आपल्यापुढे निशाण उतरवावे यासाठी त्याने दांडगाई केली. त्याच्या खलाशांनी शहरात मारामाऱ्या केल्या आणि प्रकरण कोर्टात गेले. बहामात फारसे काही सापडेना तेव्हा उपाशी, बिनपगारी खलाशांनी बंड केले. मॅथरच्या सांगण्यानुसार फिप्स नुसत्या हातांनी त्यांच्या अंगावर धावून गेला. जमैकात त्याने बंडखोरांना उतरवले, नवी माणसे घेतली आणि हिस्पॅनिओला बेटाकडे वळला. तिथे एका वृद्ध स्पॅनिश माणसाकडून एका बुडालेल्या जहाजाची खबर त्याला मिळाली, असे म्हणतात. पण जहाज झिजले होते, वेळ संपली होती. १६८५ मध्ये तो रिकाम्या हातांनी म्हणावा असा लंडनला परतला. तोपर्यंत चार्ल्स मरण पावला होता आणि नव्या राजाला दुसरे जहाज देण्याची इच्छा नव्हती.

ज्या जहाजाची खबर होती, त्याचे नाव ‘नुएस्त्रा सेन्योरा दे ला कॉन्सेप्सिऑन’. १६४१ च्या सप्टेंबरात हवानाहून निघालेला हा स्पॅनिश ताफा फ्लोरिडाजवळ चक्रीवादळात सापडला. मोडक्या डोलकाठ्यांनिशी कॉन्सेप्सिऑन कित्येक आठवडे भरकटत राहिले. आपण नेमके कुठे आहोत यावर त्याच्या प्रमुखाचे आणि वाटाड्या नावाड्यांचे एकमत होईना. नावाडी आपल्या मतावर अडून बसले आणि त्यांच्या मताप्रमाणे जाऊन जहाज हिस्पॅनिओलाच्या उत्तरेला, किनारा दिसतही नाही अशा ठिकाणी, प्रवाळाच्या खडकांत अडकले. पाचशेच्या आसपास माणसांपैकी दोनशेही जगली नाहीत. जहाजाच्याच लाकडाचे तराफे करून जी निघाली, त्यांतली बरीचशी समुद्रातच गेली. वाचलेल्यांना ती जागा पुन्हा दाखवता आली नाही. स्पेनने शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. आज या भागाला सिल्व्हर बँक म्हणतात. इथे बँक म्हणजे पेढी नव्हे, समुद्रातला उथळ पट्टा. पण नाव अगदीच चुकीचे नाही.

एकदा राजाचे जहाज वापरून हात हलवत परतलेल्या माणसाला पुन्हा पैसे कोण देणार? त्यासाठी दुसरा ड्यूक ऑफ अल्बमार्ल, ख्रिस्तोफर मंक, याच्यासारखा माणूस लागतो. वडिलांची प्रचंड मालमत्ता, दरबारात वजन, मद्याची आवड आणि कर्जाचा वाढता डोंगर. अशा माणसाला सुरक्षित गुंतवणुकीचा उपयोग नसतो. दोन-चार टक्क्यांनी त्याचे कर्ज फिटणार नसते. त्याने ८०० पौंड घालून चौथा हिस्सा घेतला. नौदलातील अनुभवी अधिकारी सर जॉन नारबरो आणि इतर पाच जणांनी प्रत्येकी ४०० पौंडांचा आठवा हिस्सा उचलला. एकूण भांडवल ३,२०० पौंड. सापडेल त्याचा दहावा भाग राजाला, सोळावा फिप्सला. खलाशांना या वेळी ठरलेला पगार होता. मागच्या बंडाचा धडा कुणीतरी घेतला होता.

या करारातील आणखी एक तरतूद आजच्याही वाचकाने लक्षात घ्यावी अशी आहे. जहाजांवर विक्रीचा माल भरलेला होता. बुडालेले जहाज सापडलेच नाही, तर हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश लोकांना माल विकून खर्चाचा काही भाग तरी निघावा, हा हेतू. म्हणजे दर्यात खसखस शोधायला निघालेल्या या मंडळींनी पदरात थोडी ज्वारीही बांधून घेतली होती. या धंद्यात नंतर उतरलेल्यांपैकी फार थोड्यांनी एवढी सावधगिरी दाखवली.

सप्टेंबर १६८६ मध्ये ‘जेम्स अँड मेरी’ आणि सोबतचे लहान जहाज ‘हेन्री’ इंग्लंडहून निघाले. जानेवारीत फिप्स पोर्तो प्लाता येथे माल विकत थांबला आणि ‘हेन्री’चा कप्तान फ्रान्सिस रॉजर्स खडकांच्या शोधाला गेला. २० जानेवारी १६८७ रोजी त्याच्या माणसांना पाण्याखाली तोफा दिसल्या. मॅथरने हा प्रसंग रंगवून सांगितला आहे: परत आल्यावर रॉजर्सने चेहरा पाडून काहीच मिळाले नाही असे भासवले आणि चांदीची एक लगड हळूच टेबलाखाली सरकवून दिली. खरे-खोटे मॅथरच जाणे. पण नंतरचे काम मात्र नोंदींतून दिसते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, चाळीस-पन्नास फूट खोल पाण्यात, कोणत्याही साधनाशिवाय, छातीत हवा भरून अमेरिकन आदिवासी पाणबुडे खाली जात आणि प्रवाळाने सांधलेली नाणी उपसून आणत. ते मोजकेच होते. तीस टन चांदी आली ती प्रामुख्याने त्यांच्या श्वासावर. सरदारकी कप्तानाला मिळाली.

चांदी वर येऊ लागली तसा धोका बदलला. आता भीती रिकाम्या समुद्राची नव्हती, भरलेल्या जहाजाची होती. पगारावर आलेल्या खलाशांना आपल्या डोळ्यांसमोर कोणाचे तरी नशीब उघडताना दिसत होते. हिस्सेदारांनी बक्षिसी दिली नाही तर ती मी माझ्या वाट्यातून देईन, असे वचन देऊन फिप्सने बंड टाळल्याचे मॅथर लिहितो. शिधा संपत आला, हवामान बिघडू लागले, तेव्हा जहाजात अजून ऐवज आहे हे माहीत असूनही त्याने नांगर उचलला.

लंडनमध्ये हिशेब झाला. राजाला वीस हजार पौंडांहून थोडे अधिक, फिप्सला ११ हजारांच्या वर, आणि अल्बमार्लला त्याच्या ८०० पौंडांचे सुमारे ४३ हजार. नऊ-दहा महिन्यांत पन्नास पटींहून अधिक. स्पेनच्या राजदूताने चांदीवर हक्क सांगितला. सगळाच ऐवज जप्त करावा असे सुचवणारेही दरबारात होते. जेम्सने दोघांचेही ऐकले नाही, आणि हिस्सेदारांच्या नशिबाचा खरा भाग हाच मानावा लागेल. २००७ मध्ये एका अमेरिकन नोंदणीकृत कंपनीने १८०४ साली बुडालेल्या ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लास मर्सेदेस’ या स्पॅनिश जहाजाची सुमारे सहा लाख नाणी अटलांटिकच्या तळातून वर काढली. शेअर वधारला. स्पेन अमेरिकेतील कोर्टात गेला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत ती सगळी नाणी विमानाने माद्रिदला रवाना झाली. शोधाचा खर्च कंपनीच्या माथी राहिला. समुद्राने दिलेले कोर्टात जाऊ शकते, हा धोका माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो.

फिप्सच्या यशानंतर लगेच दुसरी मोहीम निघाली. या वेळी स्वतः नारबरो प्रमुख होता, जहाजे जास्त होती, भांडवल मोठे होते. पण जागेचे गुपित फुटले होते. बर्म्युडा आणि जमैकाच्या लहानमोठ्या तारवांनी मधल्या काळात सोपी चांदी नेली होती. उरलेली प्रवाळाखाली घट्ट बसली होती. जे मिळाले ते सुमारे दहा हजार पौंडांचे. मे १६८८ मध्ये नारबरो त्या खडकांवरच तापाने वारला. पहिल्या फेरीत त्याने कमावलेला पैसा कुटुंबाला मिळाला खरा, पण १७०७ साली त्याचे दोन्ही मुलगे सिली बेटांजवळ फुटलेल्या आरमारी जहाजावर बुडून मेले. अल्बमार्ल जमैकाचा गव्हर्नर होऊन गेला आणि ऑक्टोबर १६८८ मध्ये तिथेच वारला. त्याच्यासोबत खासगी वैद्य म्हणून गेलेल्या हान्स स्लोनचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमचा पाया ठरला. बुडालेल्या चांदीतून टिकाऊ असे काही आडवळणाने निघाले असेल, तर ते बहुधा एवढेच.

लंडनच्या बाजाराने मात्र दुसरी मोहीम लक्षात ठेवली नाही, पहिलीच ठेवली. १६९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याखाली उतरण्याच्या यंत्रांसाठी एकामागून एक सनदा निघू लागल्या आणि प्रत्येक सनदेमागे एक कंपनी उभी राहिली. धूमकेतूमुळे घरोघरी माहीत असलेला एडमंड हॅली हाही त्यांत होता. त्याने ताजी हवा पुरवता येईल अशी पाणबुड्यांची घंटा बनवली होती आणि ससेक्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जहाजावर ती वापरून पाहिली. त्याच्या कंपनीच्या शेअरचे भाव छापून येत. हॅलीची घंटा खरोखर चालत होती. बहुतेकांची चालत नव्हती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागाच्या झाडांत पैसे गुंतवण्याच्या योजनांना जो बहर आला होता, तो ज्यांना आठवतो त्यांना या कंपन्यांची जातकुळी ओळखायला वेळ लागणार नाही. झाड असते, जहाजही असते. प्रश्न ते आपल्या हयातीत हाती लागणार का हा असतो.

पोळलेल्यांत एक तरुण व्यापारी होता, डॅनियल डिफो. अशाच एका पाणबुडी यंत्राच्या कंपनीत त्याने २०० पौंड घातले आणि तिचा कारभारही काही काळ पाहिला. कंपनी बुडाली. अत्तरासाठी उदमांजरे पाळण्यासारखे त्याचे इतर उद्योगही फसले आणि १६९२ मध्ये १७ हजार पौंडांच्या कर्जासह त्याचे दिवाळे निघाले. पाच वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात त्याने फिप्सच्या मोहिमेचा उल्लेख केला तो लाखात एखाद्याला लागणारी सोडत म्हणून. फिप्स हरला असता तर सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले असते, असे त्याचे म्हणणे होते. फुटलेल्या जहाजातून एकेक वस्तू काढून आणणारा रॉबिन्सन क्रूसो या कर्जबाजारी लेखकाने १७१९ मध्ये निर्माण केला. त्या काळात डिफोचे पैसे वाचले असते तर कदाचित ते पुस्तक आलेच नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

फिप्स बोस्टनला परतला, विटांचे घर बांधले, आणि तिथे स्वस्थ बसला नाही. १६९० मध्ये त्याने फ्रेंचांचे पोर्ट रॉयल जवळजवळ न लढता जिंकले आणि लुटले. त्याच वर्षी तीसहून अधिक जहाजे आणि दोन हजारांवर माणसे घेऊन तो क्वेबेकवर चालून गेला. या मोहिमेची आखणी पाहिली की कॉन्सेप्सिऑनची आठवण येते: खर्च आज उसना, फेड उद्याच्या लुटीतून. फरक एवढाच, की विकण्यासाठी माल भरलेले जहाज या वेळी नव्हते. क्वेबेक पडले नाही. परतीच्या वाटेवर देवीची साथ आणि वादळे यांनी शत्रूपेक्षा अधिक माणसे मारली. तिजोरी रिकामी, दारात पगार मागणारे सैनिक. डिसेंबर १६९० मध्ये मॅसॅच्युसेट्सने त्यांना कागदाच्या हुंड्या दिल्या. पाश्चात्त्य जगातील सरकारी कागदी चलनाची ही सुरुवात मानली जाते. बाजारात त्या दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने जाऊ लागल्या, तेव्हा फिप्सने आपली रोख रक्कम देऊन काही हुंड्या घेतल्या, असे सांगतात. आपल्यामुळे बुडालेल्या शेअरला त्याने स्वतःच टेकू दिला म्हणायचे.

मे १६९२ मध्ये तो गव्हर्नर म्हणून बोस्टनला उतरला तेव्हा सेलममधील चेटकाच्या आरोपांनी तुरुंग भरलेले होते. त्याने त्यासाठी खास न्यायालय नेमले आणि स्वतः सरहद्दीवरील लढाईकडे लक्ष वळवले. त्या उन्हाळ्यात १९ जणांना फाशी झाली, एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारले, दीडशेहून अधिक लोक आरोपी ठरले. ऑक्टोबरमध्ये, त्याच्या पत्नीचेही नाव घेतले जाऊ लागल्यानंतर, फिप्सने न्यायालय बरखास्त केले. पुढच्या वर्षी उरलेल्यांची सुटका केली. मेनच्या किनाऱ्यावर लाकूड टाकून माणसे जहाजात घेणारा तरुण आणि पाच महिने खटले चालू देणारा गव्हर्नर हा एकच माणूस होता. शांतपणे खडकांत चांदी शोधण्याची चिकाटी त्याच्याकडे होती, कागद वाचत बसण्याची नव्हती.

हाताने उत्तर देण्याची सवयही गेली नाही. आरमाराच्या एका कप्तानाला त्याने भर रस्त्यात काठीने मारले, जकात अधिकाऱ्याशी हाणामारी केली. तक्रारी लंडनला पोचल्या, त्याला बोलावणे आले. जानेवारी १६९५ मध्ये तो तिथे पोचताच जुन्या विरोधकांच्या दाव्यांत त्याला अटक झाली. जामिनावर सुटला, पण चौकशी सुरू होण्यापूर्वीच १८ फेब्रुवारी १६९५ रोजी तापाने गेला. वय ४४. लोंबार्ड स्ट्रीटवरच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चमध्ये त्याला पुरले. तो रस्ता लंडनच्या सराफांचा आणि पेढीवाल्यांचा.

कॉन्सेप्सिऑनची जागा पुन्हा विस्मृतीत गेली. १९७७ मध्ये बर्ट वेबर या अमेरिकन पाणबुड्याने गुंतवणूकदारांच्या पैशावर सिल्व्हर बँकेत अनेक महिने शोध घेतला आणि तो रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर इंग्लंडमधील केंट परगण्याच्या दप्तरखान्यात इतिहासकार पीटर अर्ल यांना ‘हेन्री’ जहाजाची १६८७ ची रोजनिशी मिळाली. तिच्यात खडकांची दिशा होती. ती हाती आल्यावर वेबरने पुन्हा पैसे उभे केले, डॉमिनिकन सरकारशी निम्म्या वाट्याचा करार केला आणि नोव्हेंबर १९७८ च्या अखेरीस फिप्सने सोडलेल्या जागी त्याचे पाणबुडे उतरले. प्रवाळाखालून सुमारे ६० हजार नाणी निघाली.